२८ खेळ, ८ चित्रपट: नाशकातल्या एका पडद्याचा फेब्रुवारी महिना

नाशकातल्या एका जुन्या एकपडदा चित्रगृहाने २०२६चा फेब्रुवारी महिना निवडक मराठी चित्रपटांसाठी राखून ठेवला. चित्रगृह एका कुटुंबाच्या मालकीचं आहे, कुठल्याही साखळीत नाही. काय लावायचं ते मालक स्वतः ठरवतात. बाकीचे खेळ नेहमीच्या नव्या चित्रपटांचे आणि रोजचा एक खेळ आमच्या निवडीचा, त्याची वेळही आम्हीच ठरवायची, असं बोलणं झालं. म्हणजे २८ दिवस, २८ खेळ. कार्यक्रम आखणाऱ्या चौघांमध्ये मी होते. मालकांच्या इच्छेला मान देऊन चित्रगृहाचं नाव इथे देत नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, तसंच लिहिते.

या महिन्यात बऱ्याच गोष्टी घडल्या, पण मला लिहायचं आहे ते एका निर्णयाबद्दल. २८ वेगवेगळे चित्रपट एकेकदा दाखवायचे, की थोडेच चित्रपट घेऊन ते पुन्हा पुन्हा लावायचे? गावोगावी चित्रपट मंडळं हा प्रश्न न विचारताच पहिला पर्याय घेतात. माझ्या मते तिथेच प्रेक्षक हातचा जातो.

पहिली यादी

डिसेंबरात आम्ही केलेली पहिली यादी महोत्सवाच्या वळणाची होती. रोज नवा चित्रपट, २८ नावं, बघूनच ऊर भरून यावा अशी. अण्णांना ती फार आवडली. फलक भरगच्च दिसतो, वर्तमानपत्रात बातमी मोठी येते आणि महिन्याचा पास विकायला सोपा जातो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

हरकत घेतली ती तिकीट खिडकीवर बसणाऱ्या ताईंनी. त्यांनी आधीच्या वर्षी याच पडद्यावर झालेला एक छोटा उपक्रम पाहिला होता. त्या म्हणाल्या, "लोक पिक्चर संपल्यावर दुसऱ्या दिवशी येतात. विचारतात, दादा-ताई, तो कालचा परत कधी आहे? मी सांगते, नाही हो आता. मग ते वळून जातात. पुढचा कुठला आहे ते विचारत नाहीत."

आमची आखणी या वाक्यावर उलटली. नाशकात चित्रपटाची खबर कशी पसरते ते एकदा नीट पाहायला हवं. सोमवारी सिडकोतली एक बाई चित्रपट पाहते. मंगळवारी ती डबे भरताना शेजारणीला सांगते. शेजारीण नवऱ्याला विचारते, त्याची सातपूरला पाळी कुठली आहे ते बघते, सासूबाईंना कोण सांभाळणार ते ठरवते. हे सगळं जुळायला तीन-चार दिवस लागतात. तोवर एकदाच लागलेला चित्रपट निघून गेलेला असतो. ऐकणाऱ्याला तो चित्रपट हवा असतो. आपण त्याच्यापुढे दुसराच धरतो, ज्याबद्दल त्याला अजून कोणीच काही सांगितलेलं नाही. असं २८ वेळा केलं, की दर संध्याकाळी शून्यापासून प्रेक्षक गोळा करावा लागतो आणि गोळा झालेल्यांचं बोलणं वाया जातं.

महोत्सवाला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे लोक रजा काढून, पास घेऊन, आठवडाभर तळ ठोकून बसतात. महिनाभर रोज कामधंदा सांभाळून येणाऱ्या गावासाठी वेळापत्रक वेगळं हवं.

दिनदर्शिका

दुसरं कारण महिन्यातच होतं. फेब्रुवारी ऐन लग्नसराईचा. बारावीची परीक्षा १० तारखेला सुरू होणार, दहावीची २० तारखेला. ज्या घरात परीक्षा असते त्या घरातलं कोणीच चित्रपटाला जात नाही, आजीसुद्धा नाही. ७ तारखेपासून टी-२० विश्वचषक. १५ तारखेला, रविवारी, महाशिवरात्र. त्या दिवशी निम्मं नाशिक त्र्यंबकच्या वाटेवर आणि उरलेलं पंचवटीत कपालेश्वरापाशी. त्याच संध्याकाळी भारत-पाकिस्तान सामनाही ठरलेला. १९ला शिवजयंती, मिरवणुकीमुळे जुन्या गावातले रस्ते अडलेले.

पहिल्या यादीत १५ तारखेला जो चित्रपट होता, त्याचा नाशकातला प्रवास रिकाम्या खुर्च्यांपुढे सुरू होऊन तिथेच संपला असता. तोच चित्रपट चारदा लावला तर वाईट दिवसाने त्याचा एकच खेळ जातो. आम्ही १५ला सकाळी ११चा खेळ ठेवला, आणि तोही अशा चित्रपटाचा ज्याचे दोन खेळ आधी होऊन गेले असतील. शिवजयंतीच्या दिवशीही खेळ सकाळी ओढला.

शेवटी ठरलं ते असं: सहा चित्रपटांना प्रत्येकी ४ खेळ, दोन खास चित्रपटांना प्रत्येकी २. चार खेळांच्या चित्रपटांत पहिल्या आणि दुसऱ्या खेळात किमान दोन दिवसांचं अंतर. चारपैकी एक तरी खेळ दिवसा. एकाच वारी दोन खेळ नाहीत, कारण ज्याला मंगळवार जमत नाही त्याला पुढचाही मंगळवार जमत नाही.

निवड

यादी २८वरून ८वर आणताना भांडणं झाली आणि ती होणं बरोबरच होतं. एक कसोटी मात्र सगळ्यांना पटली. चित्रपट पाहून आल्यावर माणूस दुसऱ्याला काय सांगेल? जिथे उत्तर पटकन आलं, तो राहिला.

'श्यामची आई' घ्यायचं कारण नाशकाचंच आहे. साने गुरुजींनी ते पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ला लेखन सुरू झालं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपलं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३चा; राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आम्ही पहिला खेळ ९ तारखेला आणि दुसरा १३ला ठेवला. इतकी साधी गोष्ट, पण पुस्तक घरात असलेल्या कितीतरी नाशिककरांना ते आपल्याच गावात लिहिलं गेल्याचं ठाऊक नव्हतं. हीच बातमी तोंडी फिरली.

'सिंहासन' १९७९चा, जब्बार पटेलांचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. महापालिकेची निवडणूक नुकतीच १५ जानेवारीला होऊन गेली होती, वॉर्डावॉर्डांतली माणसं अजून त्याच चर्चेत होती. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू पाहायला पस्तिशीच्या आतली मुलं येतील का, अशी अण्णांना शंका होती. आली. त्यातली बरीचशी दुसऱ्या खेळाला आली, मित्रांना घेऊन.

'संत तुकाराम', 'उंबरठा', 'श्वास' आणि 'फँड्री' ही बाकीची चार नावं. प्रभातच्या 'संत तुकाराम'बद्दल नव्याने काय सांगायचं? १९३६चा चित्रपट, दुसऱ्याच वर्षी व्हेनिसला गौरवला गेलेला, आणि तरी आज तो मोठ्या पडद्यावर पाहिलेला माणूस शोधावा लागतो. टीव्हीवर पाहिलेला चित्रपट आणि अंधारात दोनशे माणसांसोबत ऐकलेला अभंग यांत फरक आहे. तो फरक लोकांना मिळावा एवढ्यासाठीच मी या कामात आहे.

खास दोघांपैकी एक वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकावरचा 'नटसम्राट'. तो २७ तारखेला, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या जयंतीला म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, आणि २८ला. दुसरा दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन'.

फाळक्यांची संध्याकाळ

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७०ला जन्मलेले फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर, १९१३च्या अखेरीस, मुंबई सोडून नाशकात आले. पुढचे त्यांचे महत्त्वाचे मूकपट इथे घडले. १६ फेब्रुवारी १९४४ला ते नाशकातच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, सहली तिथे जातात, पण त्यांचा चित्रपट पाहिलेला नाशिककर क्वचित भेटतो. स्मृतिदिनी भाषणं होतात. आम्हाला भाषणाऐवजी चित्रपट हवा होता.

'कालिया मर्दन' १९१९चा. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्यासमोर बसून एकेक भाव चेहऱ्यावर आणते आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीकडे पाहताना प्रेक्षागृहात हसू फुटतं, टाळी पडते. संपूर्ण चित्रपट आज उपलब्ध नाही, पण जेवढा आहे तेवढ्यातून गोष्ट उभी राहते.

अडचण वेगाची होती. आजचा डिजिटल प्रोजेक्टर सहसा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, दाखवतो. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रित झाले, त्यांचा वेग साधारण १६ ते १८चा. तीच चौकट २४ने पळवली की माणसं तुरुतुरु धावतात आणि लोकांना वाटतं जुने चित्रपट असेच असतात. खरं तर तो दोष आजच्या दाखवण्याचा. उपाय चौकटी वाढवण्याचा आहे: १८ची प्रत असेल तर दर तिसरी चौकट दोनदा घ्यायची, १६ची असेल तर दर दुसरी. आमच्या ऑपरेटरकाकांनी १६ आणि १८ दोन्ही करून पाहिलं. कालियाच्या फण्यावरचा नाच १८ला जिवंत वाटला, म्हणून १८.

संगीतासाठी पेटी आणि तबला, दोघे नाशिकचेच कलाकार, पडद्याच्या डाव्या अंगाला. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हीच वाद्यं वाजत आणि कोणीतरी उभं राहून गोष्ट सांगत असे. निवेदक ठेवायचा मोह आम्ही टाळला, पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मात्र एका काकूंनी मोठ्याने वाचल्या, कारण लहान मुलं होती.

१६ तारखेची, सोमवारची ती संध्याकाळ छान झाली, पण प्रेक्षक ओळखीचेच होते, कुठल्याही सांस्कृतिक कार्यक्रमात दिसणारे. २२ तारखेचा, रविवार सकाळचा खेळ मात्र वेगळ्याच माणसांनी भरला. नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, देवळालीहून आलेली कुटुंबं, गंगापूर रोडच्या एका इमारतीतली दहा-बारा मुलं एकदम. सोमवारी आलेल्यांनी त्यांना पाठवलं होतं. वादकांचं मानधन दोनदा द्यावं लागलं, ते अण्णांना आधी जड वाटत होतं. रविवारनंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

प्रत, चावी, कागद

हा भाग रुक्ष वाटेल, पण पुन्हा पुन्हा लावण्याचा निर्णय इथेच फसू शकतो.

चित्रगृहाला चित्रपट डीसीपी नावाच्या डिजिटल फाइलींच्या संचात मिळतो. नव्या चित्रपटांचा संच कुलूपबंद असतो. वितरक त्याची चावी, म्हणजे केडीएम, वेगळी पाठवतो. ही चावी एकाच सर्व्हरवर चालते आणि ठरलेल्या तारखा-वेळांच्या आतच चालते. एकाच खेळाचं बोलणं झालं तर चावी एका दिवसाची येते. चार खेळ तीन आठवड्यांत पसरले असतील तर पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत एकच सलग मुदत मागावी, आणि तीही दोन दिवस आधीपासून, म्हणजे चाचणी घेता येते. एका चित्रपटाची चावी चौथ्या खेळाच्या आदल्या दुपारी संपत होती. काकांनी मुदत पहिल्याच दिवशी वाचून ठेवली होती म्हणून वेळेत नवी मागवता आली.

जुन्यांचं दुखणं निराळं. कायद्याने चित्रपटाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९३६ आणि १९५३च्या चित्रपटांवर तो हक्क उरलेला नाही. पण हक्क संपला म्हणून चांगली प्रत दारात येत नाही. प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्या अटी मानाव्या लागतात, संगीत आणि मूळ लेखन यांचे प्रश्न वेगळे तपासावे लागतात. शिवाय तिकीट लावून दाखवायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. म्हणून प्रत ठरवतानाच सगळे कागद लेखी मागवले.

एका जुन्या चित्रपटाची आलेली फाइल टीव्हीसाठी केलेली निघाली. मूळ चित्र जवळजवळ चौकोनी, १.३७ प्रमाणाचं. ते रुंद पडदा भरावा म्हणून वर-खाली कापलेलं. माणसांची कपाळं गायब. असं चित्र दाखवणं म्हणजे दिग्दर्शकाची रचना मोडणं, याबद्दल माझं मत ठाम आहे. दुसरी प्रत मिळाली ती पूर्ण चौकटीची होती. दोन्ही बाजूंना काळी पट्टी ठेवून, १०८० ओळींच्या उंचीत साधारण १४८० रुंदीचं चित्र बसवून काकांनी तिचा संच बनवला. काळे पडदे आत ओढून पट्ट्या झाकल्या. एका खेळासाठी एवढी खटपट कोणी केली नसती. चार खेळ होते म्हणून तिला दिवस देता आले.

पैसा

२२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८. म्हणजे १०० रुपयांचं तिकीट प्रेक्षकाला १०५ला पडतं आणि १२०चं १४१ रुपये ६० पैशांना. चित्रगृहाच्या हाती २० रुपये जास्त यावेत म्हणून प्रेक्षकाच्या खिशातून ३६ रुपये ६० पैसे काढायचे? अण्णांनी एका मिनिटात १०० ठरवले.

वितरकांशी बोलणं दोन प्रकारे होतं: एक तर किमान हमीची रक्कम म्हणजे एमजी (मिनिमम गॅरंटी), नाहीतर तिकीटविक्रीतली टक्केवारी. एका खेळासाठी फोन केला की समोरचा एमजीच मागतो, कारण टक्केवारीत त्याच्या वाट्याला येणार किती? चार खेळ म्हटल्यावर टक्केवारीवर बोलणी सुरू झाली आणि त्यामुळे पहिला खेळ पडला तरी चित्रगृह बुडणार नाही अशी सोय झाली. चाचणी, फलक, सबटायटलची तपासणी हे खर्चही चित्रपटामागे एकदाच येतात.

फक्त बाल्कनी उघडायची, स्टॉल म्हणजे खालच्या खुर्च्या बंद, हा अण्णांचा निर्णय. विजेचा खर्च वाचलाच, शिवाय थोडी माणसं जवळजवळ बसली. दुसऱ्या आठवड्यापासून काही खेळांना स्टॉल उघडावे लागले.

काय झालं

सहापैकी पाच चित्रपटांचा दुसरा खेळ पहिल्यापेक्षा जास्त भरला. तिसरा खेळ सगळ्यात भरलेला, आणि चौथ्याला पुन्हा थोडी ओहोटी. अपवाद 'श्यामची आई'चा. त्याचा तिसरा खेळ महाशिवरात्रीच्या सकाळचा होता, तो जवळजवळ रिकामा गेला. तेव्हा न आलेली माणसं २१ तारखेच्या चौथ्या खेळाला आली.

'उंबरठा'चा मंगळवारी दुपारी १२चा खेळ आम्ही जरा धास्तीनेच ठेवला होता. त्याला फक्त बायका आल्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. संध्याकाळी ज्यांना घर सोडता येत नाही त्या. कितीतरी जणींनी तो तरुणपणी पाहिलेला, आता सुनेला घेऊन आलेल्या. चित्रपट संपल्यावर त्या जिन्यातच थांबून बोलत राहिल्या. पुढचा खेळ सुरू व्हायला वेळ होता, म्हणून डोअरकीपरने कोणाला हटकलं नाही. त्यातल्या दोघी शेवटच्या खेळाला पुन्हा दिसल्या, या वेळी नवऱ्यांसोबत.

'फँड्री'च्या पहिल्या खेळाला शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे आला आणि दिवे लागल्यावर कोणी उठेना. आम्ही चर्चा ठेवली होती, ती झाली नाही. लोकांना बोलायचं नव्हतं. दुसऱ्या खेळाला, चार दिवसांनी, पहिल्या खेळाचे काही प्रेक्षक फक्त चर्चेसाठी आले. बाहेर चहा घेत थांबले आणि चित्रपट संपताच आत येऊन बसले. ती चर्चा पाऊण तास चालली. आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत कोणाला काय हाक मारली जाते, इथपर्यंत बोलणं गेलं. चार दिवस मनात राहिल्याशिवाय लोक असं बोलत नाहीत.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले परप्रांतीय तरुण आणि देवळालीच्या लष्करी वसाहतीतली कुटुंबं इंग्रजी सबटायटलच्या भरवशावर आली. त्यांच्यासाठी वेगळी जाहिरात केलेली नव्हती.

ज्याची किंमत मोजली

सगळं गोड नव्हतं. शहरातले जे खरे चित्रपटवेडे, जे अशा उपक्रमांचा कणा असतात, ते नाराज झाले. चार-चार खेळांचे सहा चित्रपट पहिल्या दहा-बारा दिवसांत पाहून झाल्यावर त्यांच्यासाठी उरलेला महिना जवळजवळ रिकामा. पास त्यामुळे कमी खपले. एका जुन्या सदस्यांनी मला स्पष्ट सांगितलं, "तुम्ही नव्यांसाठी आम्हाला उपाशी ठेवलंत." त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. विदेशी चित्रपट एकही नव्हता, आणि यादीतला कोणताही चित्रपट त्यांनी आधी पाहिलेला नाही असं नव्हतं.

तरीही मी हाच पर्याय पुन्हा निवडेन. चित्रपटवेडा माणूस पुण्या-मुंबईच्या महोत्सवाला जातो, हवं ते शोधून काढतो. इंदिरानगरच्या एखाद्या काकूंना दुसरा पडदा नाही. शहरात एकच पडदा असा वागायला तयार असेल, तर तो आधी त्यांच्यासाठी.

मधला मार्ग अण्णांनीच सुचवला आहे. पुढच्या महिन्यात सहा चित्रपट चार-चारदा, आणि दर रविवारी रात्री एक खेळ फक्त पासधारकांच्या पसंतीचा, एकदाच. त्या खेळाची एमजी पासच्या पैशांतून जाईल. वितरकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात चावीची मुदत पहिल्या खेळाच्या दोन दिवस आधीपासून शेवटच्या खेळाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मागितली आहे, आणि फाइल टीव्हीची चालणार नाही हे काकांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं आहे.